आधी फरक लिहा

“तुमचं घड्याळ चुकतंय, आजी,” पडद्यावरची नजर न हलवता तंत्रज्ञ म्हणाला.

“आजी मी घरी. इथे मला मेट्रनबाई म्हणतात,” त्या म्हणाल्या. “आणि घड्याळ चुकत नाही.”

चौतीस वर्षे याच रुग्णालयात त्यांचा शब्द प्रमाण होता. निवृत्तीला एक तप लोटले, तरी त्या मार्गिकेतून चालू लागल्या की परिचारिकांचे पदर आणि पाठीचे कणे आपोआप सरळ होत. आयुष्यात कधी साधी डोकेदुखी न सांगणाऱ्या मेट्रनबाईंनी पंधरवड्यापूर्वी आपण होऊन डॉक्टरांना छातीतल्या धडधडीबद्दल सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले होते. चोवीस तास ठोक्यांची नोंद करायची, असे ठरले. ठोक्यांत खंड सापडला तर तातडीने उपचार, नाही सापडला तर निर्धास्त घरी.

नोंद करणारे यंत्र काडेपेटीएवढे होते. ते छातीच्या पट्ट्यात बसवून द्यायचे आणि रुग्णाने दिवसभरात काय काय केले ते वेळेसह कागदावर टिपायचे, एवढेच काम. परक्या माणसासमोर पट्टा बांधून घेण्यास मेट्रनबाईंनी साफ नकार दिला होता. पट्टा पिशवीत घालून त्या घरी घेऊन गेल्या आणि आज सकाळी यंत्र व कागद दोन्ही परत घेऊन आल्या. सोबत सून आली होती. ती बाहेर बाकावर बसली होती. मेट्रनबाई खोलीत शिरण्यापूर्वी तिने त्यांच्या हातावर हात ठेवला होता.

“काळजी करू नका, आई. रिपोर्ट चांगलाच येणार, बघा तुम्ही.”

“तू बस गप,” त्या म्हणाल्या होत्या.

तंत्रज्ञाने कागद पुढे ओढला. “हे पाहा. यंत्रात दहा वाजून तीन मिनिटांनी ठोके थांबल्यासारखे दिसतात. पण तुमच्या कागदावर त्या वेळी काय आहे? ‘बसून मटार सोलणे.’ मटार सोलताना कुणाचं हृदय थांबतं का? पट्टा सैल झाला असेल, संध्याकाळीही पुन्हा तसाच. बाकी आलेख उत्तम आहे. या वयात असा आलेख मी पाहिला नाही. दोष नाही, असं लिहून टाकतो.”

“दहा वाजून वीस मिनिटांसमोर काय लिहिलंय?”

“‘ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीचा जिना. कठडा धरून उभे राहणे, अदमासे दहा सेकंद.’” तो हसला. “बादली? अहो, या वयात?”

“आमच्या घरात काम वय विचारत नाही.”

“आणि चक्कर आली असं सरळ लिहायचं की.”

“जे दिसलं तेवढंच लिहायचं, असं मी तीन पिढ्यांना शिकवलंय. यंत्र संगणकाला जोडा. दोन्ही घड्याळं मला शेजारी शेजारी दाखवा.”

“मेट्रनबाई, चांगला रिपोर्ट मिळतोय, घ्या की. आंबट तोंड कशाला?”

“खोट्या घड्याळावरचा चांगला रिपोर्ट मला नको. माझं घड्याळ मी रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याला लावते. तुमचं कोण लावतं?”

“संगणकच लावतो. यंत्र देण्याआधी जोडतो, वेळ जुळवतो, मग देतो. चुकायचा प्रश्नच येत नाही.”

तरीही त्याने वायर जोडली. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. संगणकात अकरा बेचाळीस झाले होते आणि यंत्रात अकरा पंचवीस. तंत्रज्ञाचे कान लाल झाले. वेळ जुळवण्याच्या बटणाकडे त्याचे बोट घाईने वळले.

मेट्रनबाईंनी त्याचे मनगट धरले. पकड जुनीच होती.

“आधी फरक लिहून घ्या, मग जुळवा. आत्ता जुळवलंत तर कालच्या चुकीचा पुरावाच पुसला जाईल. काल वेळ जुळवल्यानंतर काय केलंत?”

“सेल बदलला.”

“जुना काढला आणि नवा लगेच घातला?”

तो घुटमळला. “मध्ये चहा आला होता.”

“सेल नसताना यंत्राचं घड्याळ चालतं?”

“नाही. असेल तिथेच थांबतं.”

“सतरा मिनिटांचा चहा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “माझ्या हाताखाली असतात तर कपबशीसकट वॉर्डाबाहेर गेला असतात. लिहा.”

त्याने लिहिले. मग आलेखाच्या प्रत्येक वेळेत सतरा मिनिटे मिळवली आणि कागद शेजारी धरला. जेवण, दुपारची झोप, इस्त्री, संध्याकाळचा बाजार, सारे नेमके जागेवर बसले. दहा तीनचा खंड दहा वीसवर सरकला आणि थेट गच्चीच्या जिन्यावर येऊन थांबला. तंत्रज्ञाने डॉक्टरांना बोलावले.

डॉक्टरांनी आलेख दोनदा पाहिला. चष्मा काढून त्यांनी मेट्रनबाईंकडे पाहिले. त्या ताठ उभ्या होत्या.

“सहा सेकंद ठोका नाही. संध्याकाळी पुन्हा चार. मेट्रनबाई, ही नोंद सैल पट्टा म्हणून निघून गेली असती, तर पुढच्या खेपेला जिन्यावरून सरळ खाली. आजच दाखल व्हायचं. घरी जाऊ देणार नाही, आणि कृपा करून हट्ट करू नका.”

“हट्ट कोण करतंय? चाकाची खुर्ची मागवा.”

खुर्ची आली. डॉक्टर हात द्यायला पुढे सरसावले, पण मेट्रनबाईंनी खुर्चीच्या मुठी स्वतःच धरल्या आणि ती ढकलत दाराबाहेर नेली. बाकावरून सून हसत उठली.

“बस हिच्यात,” त्या तिला म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे वळल्या. “दोन महिने हिला तपासून घे म्हणतेय, ऐकत नव्हती. पट्टा हिने बांधला होता, डॉक्टर. हिला वाटलं, माझा रिपोर्ट चांगला यावा म्हणून मी तो हिला बांधायला लावला.”