ऑगस्टमधलं रान

तोमोएने अंगठ्याच्या नखाने आणखी एका खोडाची साल खरवडली. आत हिरवं काही दिसेना. नुसतं तपकिरी, कोरडं. म्हणजे हेही गेलं.

पसरट कुंडीतलं ते मेपलचं बोन्साय रान उजवीकडून पाहिलं तर अजून ऐन भरात होतं. डावीकडची पानं मात्र जळून चुरचुरीत झाली होती आणि फांद्यांना तशीच चिकटून राहिली होती. ओमिया शहरातला ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळा, एका दुपारचं पाणी चुकलं तरी झाड माफ करत नाही. तोमोएचं दोन दिवस चुकलं होतं. ती इस्पितळात नवऱ्याचा हात धरून बसली होती.

उद्या सकाळी सेइजीला घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. भाड्याने आणलेला पलंग व्हरांड्याच्या दाराशी लावून झाला होता, कारण त्याने एकच मागणं मागितलं होतं: पडल्या पडल्या रान दिसलं पाहिजे. बी पेरून वाढवलेलं रान त्याचं. लग्नाच्या बायकोकडे पाहिलं नसेल इतकं त्याने त्याच्याकडे पाहिलं होतं.

मागच्या बाकावर त्याच जातीची तरणी रोपं लहान कुंड्यांत उभी होती, हिरवीगार. ती काढून मेलेल्यांच्या जागी लावायची, एवढंच काम. कसं लावायचं ते तोमोए सकाळपासून फोनवर व्हिडिओ बघून शिकत होती. समोरून पाहताना एका खोडामागे दुसरं लपता कामा नये. पसरट कुंडीत मावतील इतकी मुळं कापायची, ती तारेने कुंडीच्या भोकांशी बांधायची, माती काडीने टोचून टोचून आत भरायची. शिकवणारे सगळे भले लोक. आधी वाकून नमस्कार, मग हवापाण्याच्या गप्पा, एकाचा तर कुत्राही मध्ये मध्ये येऊन जाई. पण शेवटी सगळ्यांचं एकच: हे काम वसंताच्या तोंडावर, कळ्या फुगायच्या आत. उन्हाळ्यात मुळांना हात लावायचा नाही.

तिने फोनवर प्रश्न फिरवून फिरवून टाकला. ऑगस्टमध्ये लावता येतील का. अगदी नाइलाज असेल तर. कुणीतरी हो म्हणेल म्हणून ती पुढचा, त्याच्या पुढचा व्हिडिओ लावत राहिली.

आणि एक जण म्हणाला. बोलणं परक्या भाषेतलं होतं, पण खाली जपानी अक्षरं उमटत होती: या कामाला ऑगस्टची अखेर सगळ्यात उत्तम. तोमोएचे डोळे भरून आले.

"अगं, त्याच्या अंगात स्वेटर आहे," मागून हारुयो म्हणाली. सेइजीची ही थोरली बहीण जवाचा गार चहा घेऊन आली होती. "नीट बघ तरी. ऑस्ट्रेलियातला आहे मेला. त्यांच्याकडे आत्ता थंडी सरतेय."

"वन्सं, जरा गप्प बसाल?"

"मी गप्प बसून झाडं जगणार आहेत का? पाणी घालायला मला एक फोन करता येत नव्हता? दोन गल्ल्या सोडून तर राहते मी."

त्या दोन दिवसांत तोमोएला झाडं आठवलीच नव्हती. हे सेइजीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पुढच्या व्हिडिओत डोक्याला पंचा बांधलेला एक म्हातारा होता. तो सुरुवातीपासूनच चिडलेला. "उन्हाळ्यात हे उद्योग करणाऱ्यांचं मला काही कळत नाही. मुळं कापली की झाड लगेच मरत नाही. आठवडाभर पानं हिरवी राहतात. तुम्हाला वाटतं, वा, जमलं. मग एके दिवशी सगळं मान टाकतं. तेव्हा नको. हात जोडून सांगतो, नको."

तोमोएने व्हिडिओ मागे नेला. आठवडाभर पानं हिरवी राहतात. तिने पुन्हा मागे नेला.

"ऐकलंस ना? नको म्हणतोय तो."

"आठवडाभर, वन्सं."

हारुयोचा पेला ओठांशीच थांबला. डॉक्टर बोलले तेव्हा तीही तिथेच उभी होती. आठवडा निघाला तरी पुष्कळ, असं म्हणाले होते ते.

"जिवंत आहेत गं ती रोपं," ती म्हणाली. "त्याने हाताने वाढवलेली. आणि त्याला काय कळणार नाही असं वाटतं तुला? एका नजरेत ओळखेल."

"ओळखू देत. ऑगस्टात मुळं कापलीस, अक्कल गहाण ठेवलीस का, म्हणून ओरडू देत माझ्यावर. वाळक्या काटक्यांकडे बघत ते गप्प पडून राहिले ना, तर ते मला नाही सोसायचं."



तोमोएने पहिली कुंडी उपडी करून रोप हलकेच मोकळं केलं. मुळं टवटवीत होती, टोकं पांढरीशुभ्र, नुकती फुटलेली. कात्री तिच्या हातात होती, पण हात पुढे जाईना. फोनमधला म्हातारा अजून नको नको म्हणत होता.

"याला आधी बंद कर," म्हणत हारुयोने स्वतःच फोन पालथा घातला. पेला बाजूला ठेवून ती गुडघ्यांवर बसली आणि तिने ते रोप दोन्ही हातांनी सरळ धरलं.

"काप," ती म्हणाली.