तापलेला विळा

नांदेडच्या डॉक्टरनं बराबर सांगितलं होतं की माझ्या सुनंचं, पुनमचं, रक्त नसांतच गोठतं, त्यानं खुब्याचं हाड मेलंय, आता खुबा बदलावाच लागंल. पण माझ्या पोरानं, वैजनाथानं, ऑपरेशन नको म्हणून डाग देणारा बुवा घरी आणला. मी शेतातून आले तर पुनम अंगणात पालथी पडलेली, वैजनाथ वाकून तिचे पाय दाबून राहिलेला आन् बुवाच्या हातात लालभडक विळा. बुवाच्या थोबाडीत हाणून मी विळा हिसकला आन् वैजनाथाच्याच कुल्ल्यावर दाबला. विजार जळाली, कातडी चरचरली. तो गुरावानी हंबरला, “आये, काहून?” “बोंबलू नको. तुझं हाड तर जितं हाय, तुला गुण लवकर येईल.” मी विळा हौदात टाकला, जीपवाल्याला हाक मारली. “नांदेडला चल. पुनम पुढं बसंल. हा मागं लटकून येईल, त्याला बसवत न्हाई.”