मोजे आणि जिना

तपासणीच्या तक्त्यावरचा तुमचा ‘उत्तम’ निकाल तुमच्याचजवळ ठेवा, डॉक्टरसाहेब! धानोऱ्याच्या तरण्याताठ्या बुधरीचा खुब्याचा सांधा बदलून वर्ष झाल्यावर तुम्ही तिला त्या तक्त्यातलं विचारलं, “मोजे घालता येतात? जिना चढता येतो?”

“घरी मोजे नाई, जिनाबी नाई. मले मोहफुलं वेचाले खाली बसाचं हाय.”

“उकिडवं कधीच बसायचं नाही. नवा सांधा निखळेल.”

“तवा दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या पोरीचं तुमी कमरेचं हाड कापून वळवलं, सांधा तिचाच ठेवला. ती बसते का?”

“बसते. पण ती तीन महिने कुबड्यांवर होती. तू तर आठवड्यात चाललीस!”

“माहं हाड तसं वळवता आलं असतं?”

“आलं असतं.”

“मंग आठवड्यात चालाची घाई कोणाले होती, साहेब? मले काऊन नाई इचारलं?”