भिंतीतले बोळे

भांडुपच्या डोंगराला अडवणाऱ्या भिंतीत पाणी निघायला भोकं होती. ती बुजली, की पाणी साचून दरड भिंतीसकट चाळीवर येणार. तरी उंदीर येतात म्हणून लोक त्यांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे.

इंजिनियर सुयोगने सकाळी सगळे बोळे उपसले होते. दुपारी पाहतो तर भोकं पुन्हा बंद.

तो खवळला. "जानकीमावशी, मरायचंय का सगळ्यांना?"

"आमी नाय रे कोंबले," पहिल्या खोलीतली जानकी म्हणाली. "तू गेल्यापासून मी हयच बसलंय."

सुयोगने एक बोळा ओढून काढला. कोरडा ठणठणीत होता. तरी त्याच्यामागून गढूळ पाण्याची धार सुटली.

मग ती थांबली. दोघांच्या डोळ्यांदेखत आतून नवा बोळा पुढे सरकला आणि त्याच्या कडा, एकेक करून, नीट दाबल्या गेल्या.