हार्ड डिस्कवरचं कुंकू

ऐन लग्नसराईत अक्षदाचा कॉम्प्युटर बंद पडला आणि छापायच्या सगळ्या लग्नपत्रिका आत अडकल्या. गणपतीत जुन्नरच्या ज्या दुकानातून हार्ड डिस्क घेतली होती, तिथं ती कॉम्प्युटर उचलून, सासूबाई साळुबाईंना घेऊन तावातावानं आली.

नुकताच पुण्याहून शिकून आलेला पारस काउंटरवर होता. त्यानं डिस्क काढून उलटीपालटी केली.

"ताई, वॉरंटी विसरा. हे बघा, हवेच्या भोकात कुंकू गेलंय. घरात पूजा करता आणि भांडायला इथं येता?"

अक्षदा सासूबाईंवर उसळली. "दसऱ्याला तुमीच लावलं ना? मिक्सर सोडला न्हाई, पाण्याची मोटार सोडली न्हाई, आता हे! लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"अगं, मी कॉम्प्युटरच्या डब्याला वरनं बोट लावलं. आत हात न्हाई घातला."

"गप बसा! कळत न्हाई तर हात कशाला लावायचा?"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. साळुबाई पदर सावरून बाकावर बसल्या.

पारसनं विकत द्यायला नवी डिस्क काउंटरवर ठेवली. तेवढ्यात त्याचे वडील, दलीचंदशेठ, ओल्या कुंकवाची वाटी घेऊन आतून आले. त्यांनी बोट बुडवून डिस्कवर ठसठशीत स्वस्तिक काढलं.

"मागच्या डिस्कलाही मीच काढलं होतं, ताई. आपल्या दुकानातून वस्तू अशीच कोरी जात नाही."



साळुबाई बाकावरून उठल्या. "बोल की आता. मघाशी मला बोललीस, तसंच ह्यांनाबी बोल."