एक पाणी, दोन काठ

पहाटे केवळाबाईला दिसलं, धरणातल्या तिच्या तरंगत्या पिंजऱ्यातले मासे वर येऊन धापा टाकतायत.

उन्हाळ्यात पाणी आटलं की निम्मे मासे काढायचे, हा इकडचा कायदा तिने पाळला होता. पण धरणाचा पलीकडचा काठ दुसऱ्या राज्यात. तिथे पिंजरे खच्चून भरलेले.

होडी वल्हवत ती तिकडच्या पिंजरेवाल्या पोशट्टीकडे गेली. "पोशट्टीभाऊ, पाणी एकच आहे. तुमच्या गर्दीने माझे मासे गुदमरतायत. दोन्ही काठांनी एकच नेम पाळू या."

"वहिनी, तुमचा कायदा तुमच्या काठाला. आमच्याकडे आला की बघू," म्हणत त्याने खाद्याचं पोतं फोडलं.

परतून तिने पिंजऱ्याची जाळी सोडली. "जा रे बाबांनो मोकळ्या पाण्यात, पांडुरंग वाट दाखवेल."

मासे गेले नाहीत. रोज खाऊ घालणाऱ्या तिच्या हाताभोवतीच गोळा झाले.