बोटभर पाणी

काकूंच्या लेकाने परदेशातून बांधायला काढलेल्या घराचं तळघर तयार झालं होतं. पाणी झिरपू नये म्हणून कारागिराने आतून लेप दिला, घोटाभर पाणी भरलं आणि भिंतीवर खूण केली.

शेजारच्या खोलीत एकट्याच राहणाऱ्या काकूंनी विचारलं, "गळलं तर?"

"परत यायचं, परत लेप द्यायचा. नाही गळलं, तर आमची सुट्टी!"

सकाळी पाणी बोटभर उतरलेलं. त्याने पाणी उपसून पुन्हा लेप दिला. दिवसभर काकू जिन्यावर बसून बोलत राहिल्या.

पुढच्या खेपेलाही पाणी बोटभर उतरलं. बाहेरून अजून माती भरलेली नव्हती; त्याने तिकडून भिंतींवर हात फिरवला. खडखडीत कोरड्या.

"कंबर धरलीय ना, काकू?" तो हळूच म्हणाला. "रात्री भरलेल्या बादल्या घेऊन जिना चढू नका. काम नसलं तरी येत जाईन मी."